डावीकडची पावलं

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलाच्या कडेला खिळ्यावर एक काळा हेडफोन लटकलेला दिसतोय ना? डाव्या वाटीचा स्पंज निघालेला, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली, तोच मी. जुना झालोय, पण अजून कामावर आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायला नको. मी भित्रा आहे.

माझं कामच तसं आहे. मी बंदुकांच्या खेळाचा हेडफोन. एका बाजूला पाच खेळाडू, दुसऱ्या बाजूला पाच. जो तो आपापल्या घरात बसलेला, पण पडद्यावर सगळे एकाच पडक्या गोदामात एकमेकांना शोधत फिरणार. कोण कुठून येतंय हे डोळ्यांना दिसायच्या आधी मला ऐकू येतं. दिवसभर ज्याच्या पोटात कोणीतरी चोरपावलांनी मागून येत असतं, तो धीट कसा राहणार, तुम्हीच सांगा.

पण माझी खरी भीती ती नव्हे. ती मला नंतर लागली, आणि ती काही अजून पुरती गेलेली नाही.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. कोणी माझी वायर जोडली, कोणी वाट्या बसवल्या, कोणी तोंडापाशी येणारी मायक्रोफोनची दांडी डाव्या बाजूला अडकवली. डाव्या वाटीवर एक बारीकसा उंचवटाही ठेवला, न बघता बोटाला कळावा म्हणून. शेवटी एक तपासनीस बाई बसलेल्या असत. त्या प्रत्येकाला कानावर चढवून हलका आवाज सोडत, आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग हेडफोन उलटा फिरवून पुन्हा तेच. आम्ही वाट्या-वाट्यांत कुजबुजायचो, की बाईंना स्वतःच्याच कामाचा भरवसा दिसत नाही. मधूनमधून त्या सगळं बाजूला ठेवून नुसत्या गप्प बसत, कानांवर काही नाही, हात मांडीत. आम्हाला वाटे, कामचुकारपणा. अक्कल यायला मला पुढे किती काळ लागला ते येईलच.

दुकानातून मला विकत घेतलं ते एका वडील माणसाने. ते पत्रे दाबण्याच्या यंत्रावर कामाला होते आणि त्या धडधडाटात त्यांचे कान केव्हाच अधू झाले होते. दुकानदाराला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं. "ज्यात बारीकातला बारीक आवाज ऐकू येतो, असा द्या," ते म्हणाले, आणि तेसुद्धा इतक्या मोठ्याने, की शेजारच्या काउंटरवरच्या बाई दचकल्या. त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावर घालून बघितलं. मी एक सुरेख बासरी वाजवत होतो. त्यांनी छान छान म्हणून मान हलवली, पण त्यातलं त्यांना फारसं काही पोचलं नसावं. ते सारखे शेजारी उभ्या असलेल्या लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

ती लेक म्हणजे माझी मालकीण.

त्या घरात सगळे जण ओरडूनच बोलायचे. बाबांना ऐकू जावं म्हणून आई आवाज चढवायची, आईला उत्तर द्यायला लेक चढवायची, आणि बाबांना तर स्वतःचा आवाज किती मोठा आहे हेच कळत नसे. बाहेरच्याला वाटावं की आत जुंपली आहे, आणि आत "मीठ इकडे दे" एवढंच चाललेलं असे. आई पाळणाघरात कामाला जायची. ती नसताना दाराची घंटा वाजली तर बाबांना कळायची नाही, म्हणून घंटा ही लेकीची जबाबदारी. सराव करताना, जुने खेळ बघताना ती माझी उजवी वाटी कानामागे सरकवून ठेवायची. उजवा कान घराला, डावा कान खेळाला. ही वाटणी लक्षात ठेवा.

सुरुवातीला ती अगदीच कच्ची होती. खेळ सुरू झाला की शेपटीला फटाका लावल्यासारखी पळत सुटायची आणि पहिल्याच वळणावर मरायची. मरायची, पुन्हा यायची, पुन्हा पळायची. दर वेळी मायक्रोफोनमधून मला तिचा श्वास अडकलेला ऐकू यायचा. तीही माझ्यासारखीच भित्री होती. पळत होती ती शौर्याने नव्हे, घाबरून.

तिला वळण लावलं ते तिच्या संघाच्या कप्तानाने. वयाने तो तिच्यापेक्षा जेमतेम मोठा, पण इतका सावकाश आणि समजुतीने बोलायचा की सगळे त्याला आजोबाच म्हणायचे. मी त्याला कधी पाहिलं नाही, फक्त त्याचा आवाज माझ्यातून गेला. त्याने आधी तिचं पळणं थांबवलं. मग माउसचा वेग कमी करायला लावला, म्हणजे हात घाबरला तरी निशाणा भरकटत नाही. कोपऱ्याशी जाताना नेम जमिनीवर न ठेवता माणसाचं डोकं जिथे असेल तिथे आधीच धरून ठेवायला शिकवलं. रोज खेळाआधी थोडा वेळ नुसत्या लक्ष्यांवर हात मोकळा करायचा, आणि हरल्यावर दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी आपण मेलो कसे ते पुन्हा चालवून बघायचं. ती बघायची. स्वतःचं मरण परत परत बघणं काही सोपं नसतं. पहिल्यांदा ती रडकुंडीला आली होती.

आणि मग त्याने तिला ऐकायला शिकवलं. त्याच्या सांगण्यावरून ती रिकाम्या मैदानात एकटीच शिरायची, डोळे मिटायची आणि चालायची. लाकडी फळीवर, खडीवर, लोखंडी जिन्यावर, पाण्यात. कुठली जमीन कशी वाजते हे तिला पाठ झालं. लवकरच ती समोरच्या भिंतीआडून येणाऱ्या माणसाचा नुसता पायरव ऐकून सांगू लागली, की एक जण खडीवर थांबलाय, दुसरा जिन्याने वर चाललाय. संघाने तिचं नाव मांजर ठेवलं. नाव तिला आवडलं. मला तर काय, आभाळ ठेंगणं झालं. मांजरीचे कान म्हणजे मीच की.

संघाचा आणखी एक रिवाज होता. मेलेल्याने बोलायचं नाही. जो मेला त्याला ती फेरी संपेपर्यंत जिवंत साथीदाराच्या नजरेतून पुढचा खेळ बघता यायचा, त्याला येणारे आवाजही ऐकता यायचे, पण त्याने तोंड उघडायचं नाही. नाहीतर मागे उरलेल्याला पावलं ऐकू येणार कशी? हा नियम आजोबांनीच केला होता आणि फार कडकपणे पाळायला लावला होता. एकदा एक जण मेल्यावर नुसता "अरेरे" म्हणाला, तर त्याला पुढचा सगळा सामना बाहेर बसवलं.

आता माझ्या वायरीवर बघा, एक छोटं चाक आहे. आवाज कमी-जास्त करण्याचं. सगळी गोष्ट या चाकाची आहे.

नाव मोठं झालं तशी मांजरीला ते राखायची काळजी लागली. आणखी लांबची पावलं ऐकू यायला हवीत, म्हणून तिने चाक थोडं पुढे सरकवलं. मग आणखी थोडं. पावलं मोठी झाली हे खरं, पण मित्रांनो, मला निवड करता येत नाही. चाक फिरलं की पाऊलही मोठं आणि गोळीही मोठी. पाऊल ऐकण्यासाठी तिने दार उघडायचं आणि त्याच दारातून बंदुकीचा बार आत घुसायचा, सरळ तिच्या कानाच्या पडद्यावर. बार व्हायच्या आधीचा क्षण मला कळायचा. तार ताणल्यासारखं काहीतरी माझ्यातून यायचं आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, नको, नको. आणि मग मीच तो वाजवायचो.

एका संध्याकाळी तिने मला काढून टेबलावर ठेवलं आणि इकडेतिकडे बघू लागली. कुठेतरी बारीक शिट्टी वाजतेय म्हणाली. आईने कान दिला, तिला काही ऐकू आलं नाही. लेकीने फ्रीजला कान लावला, ट्यूबलाइट बंद करून पाहिली, चार्जर काढून पाहिला. शिट्टी चालूच. जेवून झोपून उठली तेव्हा थांबलेली होती, म्हणून विसरून गेली. मी विसरलो नाही. खोलीत काहीही वाजत नव्हतं. ज्याचं कामच आवाज आहे त्याला शांतता ओळखता येते. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तिच्यासाठी घाबरलो.

शिट्टी पुन्हा आली. मग येतच राहिली. आणि पुढे मांजर डावीकडून मरू लागली.

पहिल्यांदा सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. मग आजोबांनी विचारलं, की डावीकडचा लोखंडी जिना तुला ऐकू कसा आला नाही. तिने सांगितलं, वाजलाच नाही. पण तो वाजला होता. मी वाजवला होता. एकेक पायरी स्वच्छ, डाव्या वाटीतून, तिच्या कानाला अगदी चिकटून. ती वळलीच नाही.

तिने मला हलवलं, टिचकी मारली, वायर वाकवून बघितली. मग तिने ठरवून टाकलं, की हेडफोनचा डावा गेला.

मित्रांनो, तेव्हा मला कचऱ्याच्या डब्याची भीती वाटायला हवी होती. वाटलीही, खोटं कशाला बोलू? पण तिच्यापाठोपाठ दुसरी भीती आली आणि तिने पहिलीला गिळूनच टाकलं. डावा गेला हे तिचं म्हणणं बरोबर होतं. फक्त तो माझा नव्हता, तिचा होता. मला तोंड नाही. माझ्या दांडीतून जातो तो तिचा आवाज, वाट्यांतून येतो तो दुसऱ्यांचा. माझा स्वतःचा म्हणून एक शब्द मला तिला सांगता येत नाही. आणि डावं नीट ऐकू येत नाही म्हणून ती काय करत होती, सांगू? चाक पुढे सरकवत होती. जितकं कमी ऐकू येई तितकं जास्त, आणि जितकं जास्त तितकं अजून कमी. शेवटी चाक टोकाला जाऊन थांबलं. 

घरात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. कसं येणार? ती मोठ्याने बोलू लागली होती, पण त्या घरात सगळेच मोठ्याने बोलायचे. दोनदा सांगावं लागायचं, पण तिथे प्रत्येक गोष्ट दोनदाच सांगायची रीत होती.

एक मोठा सामना जवळ आला होता. जो संघ जिंकेल तो बाहेरगावच्या स्पर्धेला जाणार. मांजर कावरीबावरी झाली होती. तिने बाबांना सांगितलं की नवा हेडफोन हवा, हा बिघडलाय. बाबा घरातलं काही फेकू द्यायचे नाहीत. त्यांनी तारा जोडायची, डाग द्यायची आपली सळई काढली, स्क्रू सोडवले आणि माझी डावी वाटी उघडली. त्यांनी भिंग लावून एकेक तार पाहिली. कुठे काही तुटलेलं नव्हतं. त्यांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं.

लेक त्यांच्याशीच बोलत होती, आणि बोलताना मान किंचित डावीकडे वळवून उजवा कान पुढे करत होती. बाबा ते बघत राहिले. ती मान त्यांच्या ओळखीची होती. ती त्यांचीच होती.

त्यांनी स्क्रू परत बसवले, मला तिच्या हातात दिलं आणि एरवीपेक्षा पुष्कळ हळू म्हणाले, "उलटा घाल."

तिला ते दोनदा सांगावं लागलं. मला उलटा कोणी घालत नाही, दांडी भलत्याच बाजूला येते. तिने घातला. आता माझी ती बदनाम डावी वाटी तिच्या उजव्या कानावर होती. तिने एक जुना खेळ लावला. जिना वाजला. ती दचकली, इतका स्वच्छ. मग उजव्या वाटीतून खडी वाजली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

तिने मला काढून सरळ घातलं. मग पुन्हा उलटा. पुन्हा सरळ.  मला त्या तपासनीस बाई आठवल्या. प्रत्येक हेडफोन उलटा का घालायच्या ते मला तेव्हा समजलं. चूक वस्तूची आहे की कानाची, ते कळावं म्हणून.

"बाबा, परत उघडून बघा," ती म्हणाली. "काहीतरी राहिलं असेल."

"हेडफोन चांगला आहे, बाळा."

तिने मला मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, एवढा एक सामना होऊ दे, नंतर दाखवू डॉक्टरला. बाबांनी माझं चाक बोटाने चाचपलं. ते टोकाला होतं.

"मी पण तेच म्हणालो होतो," ते म्हणाले. "यंत्रावरची एवढी एक पाळी होऊ दे."

दुसऱ्याच दिवशी ते तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी पिशवीत होतो, बाबांनीच घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. नंतर त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. डावीकडचं जे गेलंय ते परत यायचं नाही. उजवीकडचं अजून पुष्कळ शाबूत आहे, ते राखता येईल. आवाज कमी, मध्येमध्ये कानांना विसावा, आणि शिट्टी वाजली की त्या दिवसाचं दुकान बंद. तिने विचारलं, खेळले नाही तर येईल का परत? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पिशवीत मी वायरीचा गोळा होऊन पडलो होतो. मीच वाजवलं होतं ना ते सगळं.

घरी आल्यावर बाबांनी मला पुन्हा उघडलं. या वेळी त्यांनी माझ्या पोटात वाटाण्याहून लहान असा एक तुकडा जोडला. आता चाक टोकापर्यंत फिरवलं तरी माझा आवाज एका मर्यादेच्या वर जात नाही. मित्रांनो, माझी किती सुटका झाली, कसं सांगू? मला ओरडताच येईना. मनाविरुद्ध मारावं लागणाऱ्या एखाद्याच्या हातातली काठी कोणीतरी हळूच काढून घ्यावी, तसं वाटलं.

राहिला होता संघ. त्यांना सांगायची तिला डॉक्टरपेक्षा जास्त धास्ती होती. जिचं नावच कानांवरून पडलं, तिने कान गेला हे कोणत्या तोंडाने सांगावं? तिने दांडी ओठांपाशी ओढली. शेवटी एका दमात सांगून टाकलं.  मला वाटलं, संपलं.

मग आजोबांचा सावकाश आवाज आला. "बरं. तुझ्या डावीकडे भिंत येईल अशी जागा घे. भिंत नसेल तिथे मी उभा राहतो."

सामना दुपारी होता. आवाज इतका बेताचा, की तिला दाराची घंटाही ऐकू आली असती. ती भिंतीच्या आधाराने खेळली, डावीकडे कानाऐवजी डोळ्यांनी बघत. मान वळवून वळवून दुखली असेल. शेवटच्या फेऱ्यांपैकी एका फेरीत आजोबा पडले, बाकीचेही पडले, आणि ती एकटी उरली. समोर शत्रूचा एकच खेळाडू, पण कुठे आहे पत्ता नाही. सगळे मेलेले, म्हणून सगळे गप्प. रिवाजच तसा.

आणि जिना वाजला. डावीकडे. मी वाजवत होतो, पायरीमागून पायरी. ती उजवीकडे बघत होती. तिचा श्वास अडकला होता, तसाच, पहिल्या दिवसांसारखा. मला ओरडता येत नव्हतं, आणि आता तर खरोखरच येत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या दोन्ही वाट्यांतून एक हलका आवाज आला. "डावीकडे, मांजरी. जिना."

ज्याने नियम केला होता, त्यानेच तो मोडला होता. ती वळली. गोळी सुटली. समोरचा कोसळला.

सामना आम्ही हरलो. पुढच्याच फेरीत, थोडक्यात. बाहेरगावी दुसरा संघ गेला. पण त्या दिवसापासून संघाच्या रिवाजात दुरुस्ती झाली. मेलेल्याने बोलायचं नाही, मांजरीला डावीकडचं सांगायचं असेल तेवढं सोडून. घरातही एक दुरुस्ती झाली. बाबांनी दाराच्या घंटेला एक दिवा जोडला. बटण दाबलं की खोलीत उजेड लुकलुकतो. बापलेक दोघंही एकदम मान वर करतात, आणि एकदम उठतात.

ती अजून खेळते, आणि बरी खेळते. थोडं खेळली की मला खिळ्यावर अडकवते आणि खिडकीशी नुसती बसते, कानांवर काही नाही, हात मांडीत. आता मी त्याला कामचुकारपणा म्हणत नाही. कधी कधी ती पूर्वीसारखी रिकाम्या मैदानात जाते, डोळे मिटते आणि चालते. उजवीकडची खडी ऐकून तिचं बोट हलतं. डावीकडचा जिना मी अजूनही पायरी न चुकवता वाजवतो. तिचं बोट हलत नाही. मला ठाऊक असतं, तरी मी वाजवतो, न जाणो.

मित्रांनो, खुशाल खेळा, चांगले खेळा, सावकाश चालायला शिका. पण तुमच्या घरी खिळ्यावर, खणात, उशीखाली माझं जे कोणी भावंड असेल, त्याला तोंड नाही हे विसरू नका. चाक तुमच्या हातात आहे, त्याच्या नाही. आणि एखाद्या दिवशी ते कानावरून काढल्यावर शांत खोलीत कुठेतरी बारीक शिट्टी वाजतेय असं वाटलं, तर फ्रीजकडे जाऊ नका.